कन्सोल घरात येण्याआधी टीव्हीवर येतो

गेम कन्सोलची, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायच्या यंत्राची, जाहिरात एका बाबतीत बाकीच्या सगळ्या जाहिरातींपेक्षा वेगळी असते. ती ज्या पडद्यावर दिसते, त्याच पडद्यावर तो कन्सोल उद्या चालणार असतो. साबणाची जाहिरात पाहताना आपले कपडे टीव्हीत धुतले जाणार नाहीत हे आपल्याला ठाऊक असतं. मोटारसायकलच्या जाहिरातीतला घाटरस्ता आपल्या हॉलमध्ये येणार नाही, हेही कळतं. कन्सोलच्या जाहिरातीत मात्र सैनिक धावतो, गाडी उलटते, हेल्मेटवरून पावसाचे थेंब ओघळतात आणि हे सारं आपल्याच टीव्हीवर, आपल्याच डोळ्यांसमोर घडतं. पाहणाऱ्याला वाटतं की वस्तू दाखवून झाली, आता फक्त विकत घ्यायची बाकी आहे.

या सरमिसळीचं एक टोकाचं उदाहरण २०१४ मध्ये घडलं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन या कन्सोलला आवाजाने आज्ञा देता यायची. त्याच्या टीव्ही जाहिरातीत अभिनेता आरोन पॉल 'एक्सबॉक्स ऑन' असं म्हणतो. जाहिरात लागली आणि काही घरांतले खरेखुरे कन्सोल तो आवाज ऐकून आपोआप चालू झाले. ज्यांच्याकडे कन्सोल आधीच होता त्यांनी तक्रारी केल्या, त्याच्या बातम्याही झाल्या.

मुंबईतल्या घरात या जाहिरातीला आणखी एक बाजू असते. वन रूम किचन असो की वन बीएचके, टीव्ही बहुधा एकच आणि तो हॉलमध्ये. क्रिकेटचा सामना चालू असतो, षटक संपतं, जाहिरात लागते. ती मुलगा पाहतो, आई पाहते, बाबा पाहतात, आजीही पाहते. खेळणारा आणि पैसे देणारा एकाच वेळी एकाच खोलीत असतात. मोबाइलवरच्या जाहिरातीत असं होत नाही, ती एकट्यालाच दिसते. टीव्हीवर दिसली की लगेच संवाद सुरू होतो. "बाबा, आपण हा घेऊ या ना." "आधी दहावी होऊ दे, मग बघू." बाबांनी नकार दिला असं वाटतं, पण त्यांनी खरं तर तारीख दिलेली असते. ती वस्तू आपल्या घरात येऊ शकते, हे त्या एका वाक्यात मान्य झालेलं असतं.

कन्सोलची टीव्ही जाहिरात यंत्राबद्दल फार थोडं सांगते. ते कोणासाठी आहे, घरात त्याची जागा कुठली आणि आपल्याशिवाय आणखी कोण कोण ते घेणार आहे, या तीन गोष्टी ती आपल्या मनात बसवते. गेल्या चाळीस वर्षांत कितीतरी कन्सोलचं नशीब या तीन गोष्टींवर ठरलं आहे, आतल्या चिपवर तेवढं ठरलेलं नाही.

असं का होतं, हे आधी पाहू. १९७० मध्ये फिलिप नेल्सन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने वस्तूंचे दोन प्रकार मांडले. काही वस्तूंचा दर्जा विकत घेण्याआधी तपासता येतो, काहींचा वापरल्यावरच कळतो. हापूस आपण हातात घेतो, देठाशी नाक नेऊन वास घेतो, मग पेटीचा भाव करतो. कन्सोलचा वास घेता येत नाही. दुकानात पाच मिनिटं कंट्रोलर हातात मिळाला तरी पुढच्या पाच वर्षांत त्यावर कोणते गेम येतील, हे त्या पाच मिनिटांत कळत नाही. म्हणजे नवा कन्सोल विकत घेणारा माणूस बऱ्याच अंशी भविष्य विकत घेत असतो. ज्याचा दर्जा आधी तपासता येत नाही त्या वस्तूबद्दल माणूस मग दुसऱ्या खुणा शोधतो. कंपनी मोठी आहे का, सगळे याबद्दल बोलताहेत का, मोठ्या सामन्यात याची जाहिरात लागते का. महागड्या वेळेला जाहिरात लावणं हीच एक खूण असते. ज्या कंपनीने इतका पैसा ओतला, ती हे यंत्र वर्षभरात वाऱ्यावर सोडणार नाही, असा हिशेब मन करतं.

दुसरं कारण याहून महत्त्वाचं आहे. कन्सोलची किंमत, म्हणजे त्याचं आपल्यासाठीचं मोल, इतर किती जण तो घेतात यावर ठरतं. गेम बनवणाऱ्या कंपन्या ज्या कन्सोलचे ग्राहक जास्त त्याच्यासाठी गेम बनवतात, आणि ग्राहक ज्याच्यावर गेम जास्त तो कन्सोल घेतात. दोघंही एकमेकांची वाट पाहतात. ही कोंडी फोडायची तर प्रत्येकाला नुसतं माहीत असून भागत नाही. प्रत्येकाला माहीत आहे, हेही प्रत्येकाला माहीत असावं लागतं. फोनवर मला दिसलेली जाहिरात शेजारच्या बिऱ्हाडात दिसली का, ते मला कळत नाही. आयपीएलच्या अंतिम सामन्यात लागलेली जाहिरात मात्र माझ्या वर्गातल्या सगळ्यांनी पाहिली असणार, याची मला खात्री असते. टीव्हीची खरी ताकद इथे आहे. म्हणून अमेरिकेत नवा कन्सोल नाताळाच्या हंगामाआधी टीव्हीवर जोर लावतो, आणि म्हणूनच निंटेंडो या जपानी कंपनीने आपला स्विच हा कन्सोल मार्च २०१७ मध्ये बाजारात येण्याच्या महिनाभर आधी, फेब्रुवारीत, सुपर बोल या तिथल्या सर्वांत मोठ्या सामन्यात त्याची जाहिरात लावली.

आता 'कोणासाठी' आणि 'घरात कुठे' हे जाहिरात कसं ठरवते, ते प्रत्यक्ष घडलेल्या गोष्टींत पाहणं बरं.

१९८३ मध्ये अमेरिकेतला व्हिडिओ गेमचा धंदा कोसळला. निकृष्ट गेमचा पूर आला होता, दुकानदारांकडे माल पडून राहिला, आणि १९८३ ते १९८५ या काळात घरगुती गेमची उलाढाल सुमारे ३ अब्ज डॉलरवरून साधारण १० कोटी डॉलरवर आली, असं सांगितलं जातं. दुकानदारांना व्हिडिओ गेम हा शब्दसुद्धा नको झाला होता. त्याच वेळी जपानमध्ये निंटेंडोचा फॅमिकॉम हा कन्सोल जोरात चालला होता. तो अमेरिकेत आणायचा तर यंत्र चांगलं आहे हे सांगून उपयोग नव्हता, कारण लोकांचा राग यंत्रावर नव्हताच. राग त्या सगळ्या प्रकारावर होता.

निंटेंडोने प्रकारच बदलला. फॅमिकॉमचं लालपांढरं खेळण्यासारखं रूप टाकून त्याला व्हीसीआरसारखी करडी पेटी दिली. कॅसेट वरून खोचण्याऐवजी समोरून आत सरकवायची सोय केली. नाव ठेवलं 'निंटेंडो एंटरटेनमेंट सिस्टिम', ज्यात गेम हा शब्दच नाही. आणि सोबत रॉब नावाचा एक छोटा प्लास्टिकचा यंत्रमानव दिला. १९८५ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कमध्ये चाचणी विक्री सुरू झाली तेव्हा जाहिरातींत हा रॉब पुढे होता. पाहणाऱ्याला वाटलं की हे त्या बुडालेल्या व्हिडिओ गेमपैकी काही नाही, हे नव्या काळातलं हुशार खेळणं आहे. गंमत अशी की रॉबसोबत चालणारे गेम अवघे दोन निघाले. त्याचा खेळण्यासाठी उपयोग फारसा नव्हताच. त्याचं काम दुकानाच्या कपाटात आणि टीव्हीच्या पडद्यावर होतं, आणि ते त्याने चोख केलं. निंटेंडो घराघरांत शिरल्यावर रॉब गुपचूप बाजूला झाला. दर्जा तोच, चिप तीच, पण लोकांच्या डोक्यातला खण बदलला की विक्री बदलते, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

या निंटेंडोला पुढे आव्हान दिलं सेगा या दुसऱ्या जपानी कंपनीने, आणि तेही बरंचसं टीव्हीवरच. सेगाचा जेनेसिस हा कन्सोल अमेरिकेत १९८९ मध्ये आला. १९९० मध्ये तिथल्या कंपनीची सूत्रं टॉम कॅलिन्स्के यांच्याकडे आली. ते आधी मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीत होते, बार्बीची विक्री त्यांनी पाहिलेली होती. त्यांनी किंमत उतरवली, सॉनिक हा नवा गेम कन्सोलसोबतच द्यायला सुरुवात केली आणि जाहिरातीत सरळ निंटेंडोचं नाव घेऊन टोमणे मारले. जाहिरातीच्या शेवटी कोणीतरी 'सेगा!' असं जिवाच्या आकांताने ओरडायचं. एका जाहिरातीत सेगाचा सॉनिक शर्यतीच्या गाडीवर बसवलेल्या टीव्हीवर सुसाट पळतो आणि निंटेंडोचा मारिओ एका खिळखिळ्या ट्रकवर मागे राहतो. सोबत एक भारदस्त शब्द फेकला होता, 'ब्लास्ट प्रोसेसिंग'.

तो शब्द नेमका काय होता? जेनेसिसचा मुख्य प्रोसेसर सुमारे ७.६ मेगाहर्ट्झवर चालायचा, निंटेंडोच्या तेव्हाच्या सुपर निंटेंडो या कन्सोलचा साधारण ३.६ मेगाहर्ट्झवर. म्हणजे प्रोसेसरच्या नुसत्या वेगात सेगा पुढे होती, हे खरं. पण 'ब्लास्ट प्रोसेसिंग' हे नाव एका वेगळ्याच तांत्रिक करामतीवरून उचललं होतं, आणि ती करामत दुकानात मिळणाऱ्या गेममध्ये जवळजवळ वापरलीच गेली नाही. रंगांच्या बाबतीत सुपर निंटेंडो कितीतरी पुढे होता. तो पडद्यावर एका वेळी २५६ रंग दाखवू शकायचा, जेनेसिस ६४. सेगाने रंगांची गोष्ट काढलीच नाही. वेगाची काढली, आणि मापदंड तिथेच ठरला. शाळेच्या आवारात मुलं वेगावरून भांडायला लागली. ज्याने मोजपट्टी निवडली तो अर्धा जिंकतो. अमेरिकेत या पिढीच्या, म्हणजे १६ बिट कन्सोलच्या, बाजारात काही काळ सेगा निंटेंडोच्या बरोबरीने आणि कधी पुढेही राहिली.

पण नुसता आकडा ओरडून चालत नाही. १९९३ मध्ये अटारी या अमेरिकी कंपनीने जॅग्वार हा कन्सोल आणला आणि ६४ बिट, ६४ बिट असं जाहिरातींत सांगून दमली. प्रेक्षकांना गणित करायला सांगणारी तिची घोषणाही होती. पण गेम पुरेसे नव्हते. अडीच लाखांहूनही कमी जॅग्वार विकले गेले.

सेगाने कन्सोल लहान मुलांच्या हातातून काढून वाढत्या वयाच्या मुलांकडे नेला. सोनीने त्याहून पुढची पायरी घेतली. तिचा प्लेस्टेशन हा कन्सोल सप्टेंबर १९९५ मध्ये पाश्चात्त्य देशांत आला आणि त्याच्या ब्रिटनमधल्या प्रचाराचा रोख वीस-पंचवीस वर्षांच्या तरुणांवर होता, क्लबात जाणाऱ्या, नोकरी करणाऱ्या. १९९९ ची 'डबल लाइफ' ही त्यांची जाहिरात पाहावी. त्यात वेगवेगळ्या वयांची, वेगवेगळ्या अंगकाठीची, साधीसुधी माणसं एकामागून एक कॅमेऱ्याकडे बघून बोलतात. दिवसा मी नोकरी करतो, आणि रात्री मी कोणीतरी वेगळाच असतो, असा त्या बोलण्याचा सूर. पूर्ण मिनिटभरात गेमचं एकही दृश्य नाही. कन्सोल काय करतो हे विचारूच नका, तो कोण माणसं खेळतात ते बघा, असा तो सरळ प्रस्ताव होता. ज्या वस्तूकडे मोठी माणसं 'पोराटोरांचा खेळ' म्हणून बघायची, तिच्याकडे बघण्याची त्यांना एक परवानगी मिळाली. मला ही जाहिरात मनापासून आवडते, कारण तिने खेळणाऱ्यांना मान दिला.

२००६ मध्ये निंटेंडोने कॅमेराच उलटा फिरवला. वी हा कन्सोल ताकदीने सोनी आणि मायक्रोसॉफ्टच्या यंत्रांपेक्षा दुबळा होता, चित्र साधं होतं. पडद्यावरचं चित्र दाखवलं असतं तर पहिल्याच सेकंदाला हार ठरलेली. म्हणून जाहिरातींनी बराच वेळ खेळणारी माणसंच दाखवली. आजी रिमोट हलवून चेंडू मारते, नातू हसतो, बाबा तोल सावरतात. जाहिरात आवाज बंद करून पाहिली तरी कळावं की हात हलवला की पडद्यावरचा खेळाडू हलतो. घरात त्याची जागा मुलाच्या खोलीत नाही, सगळ्यांच्या दिवाणखान्यात, हेही त्याच चित्रात आलं. दहा कोटींहून जास्त वी विकले गेले.

त्याच कंपनीने सहा वर्षांनी उलट धडा घेतला. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये वी यू आला. नाव जवळपास तेच, आणि जाहिरातींत सगळा भर हातातल्या पडदा असलेल्या नव्या कंट्रोलरवर. अनेकांना वाटलं की आपल्या घरातल्या जुन्या वीला जोडायचा हा एखादा जादा भाग असावा. हे वेगळं, नवं यंत्र आहे, हे लोकांपर्यंत नीट पोहोचलं नाही, असं निंटेंडोचे तेव्हाचे अध्यक्ष सातोरू इवाता यांनीही कबूल केलं. वी यू साधारण १ कोटी ३५ लाख विकला गेला. एकाच कंपनीची लागोपाठची दोन यंत्रं, आणि विक्रीत सातपटीहून जास्त फरक. सगळा दोष जाहिरातीचा नव्हता, गेमही कमी आले. पण 'हे काय आहे' या पहिल्याच प्रश्नाला उत्तर मिळालं नाही की पुढचं काही ऐकायला माणूस थांबत नाही. नंतर स्विचच्या जाहिरातींनी हेच सर्वांत आधी दाखवलं. टीव्हीसमोर खेळणारा माणूस यंत्र उचलतो आणि तोच खेळ हातात घेऊन घराबाहेर पडतो. तीन सेकंदांत सगळं कळलं.

जाहिरात आणि किंमत एकमेकींना साथ देत नसतील तर काय होतं, ते सोनीने अनुभवलं. प्लेस्टेशन ३ अमेरिकेत २००६ मध्ये आला तेव्हा त्याचं महाग मॉडेल ५९९ डॉलरला होतं. त्याच्या एका जाहिरातीत पांढऱ्याशुभ्र खोलीत प्लास्टिकची बाहुली कन्सोलसमोर बसून रडते, हसते. ते पाहून अनेकांना अस्वस्थ वाटलं. यंत्र महाग, जाहिरात अगम्य, त्यामुळे ही कंपनी आपल्याशी बोलतच नाही अशी भावना पसरली. २००९ मध्ये सडपातळ मॉडेल आलं, किंमत २९९ डॉलर झाली आणि जाहिरातींत केव्हिन बटलर नावाचं एक काल्पनिक बडबडं अधिकारी पात्र प्रेक्षकांच्या शंकांना उत्तरं देऊ लागलं. तेव्हा कुठे सूर बदलला. किंमत न उतरवता नुसतं ते पात्र आणलं असतं तर तो सूर बदलला नसता, असं माझं मत आहे.

मनात हे नेमकं कसं उतरतं? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६८ मध्ये दाखवलं की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेस पडली की ती आपल्याला अधिक आवडू लागते, तिच्याबद्दल नवीन काही कळलं नसलं तरी. टीव्हीवर तीच जाहिरात एका सामन्यात अनेकदा लागण्यामागे हे कारण आहे. ओळखीचं ते विश्वासाचं, असं मन परस्पर ठरवून टाकतं.

आता आपल्याकडे येऊ, कारण मुंबईत ही गोष्ट वेगळ्या वाटेने आली.

नव्वदच्या दशकात इथल्या बहुतेक मुलांनी जो 'टीव्ही गेम' खेळला तो निंटेंडोच्या फॅमिकॉमची नक्कल होती. पिवळ्या नाहीतर काळ्या कॅसेटवर '९९९ इन १' असं छापलेलं असायचं आणि प्रत्यक्षात त्यात आठ-दहा गेमच फिरून फिरून यायचे. मारिओ आणि काँट्रा साऱ्या चाळीला पाठ होते, पण ते बनवणाऱ्या कंपन्यांची नावं फार थोड्यांना माहीत होती. म्हणजे अमेरिकेतल्या मुलांच्या मनात जाहिरातींनी जी सेगा विरुद्ध निंटेंडो अशी लढाई उभी केली, ती इथे झालीच नाही. इथे मत बनवलं ते लॅमिंग्टन रोडच्या आणि हाजी अलीच्या हिरापन्नातल्या दुकानदारांनी, परदेशातून आलेल्या मामाने, आणि तासाच्या भाड्यावर खेळू देणाऱ्या गेम पार्लरने. प्लेस्टेशन २ च्या काळात तर गिऱ्हाईक पहिला प्रश्न 'चिप बसवलेला आहे का' हाच विचारायचं, कारण त्याशिवाय स्वस्त नकली डिस्क चालत नसत. हा प्रश्न कुठल्याच जाहिरातीने शिकवला नव्हता.

कंपन्यांनी अधिकृतपणे पाऊल टाकलं तेव्हा त्यांना ही पोकळी भरायची होती. २००६ मध्ये एक्सबॉक्स ३६० भारतात आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने अक्षय कुमार आणि युवराज सिंग यांना प्रचारासाठी घेतलं. एक सिनेमाचा नायक, एक क्रिकेटपटू. यंत्र अनोळखी असेल तर चेहरा ओळखीचा हवा, हा त्यामागचा विचार. तो चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. ओळखीचा चेहरा विश्वास उसना देतो. या पेटीचं घरात करायचं काय, ती मुलाच्या अभ्यासाच्या आड येईल का, एवढ्या महाग वस्तूवर नंतर आणखी किती खर्च होईल, हे आईबाबांचे प्रश्न त्या चेहऱ्याने सुटत नाहीत. सोनीने दुसरी वाट धरली. २००९ मध्ये प्लेस्टेशन २ वर हनुमानाच्या बालरूपावरचा गेम आला, पुढे मुंबईच्याच ट्राइन गेम्सने बनवलेला गल्ली क्रिकेटचा गेम आला. आजीलाही ओळखता येईल असं काहीतरी पडद्यावर दिसावं, हा प्रयत्न मला जास्त समजूतदार वाटतो.

तरीही कन्सोलची जाहिरात मराठी वाहिनीवर, मराठीत, रात्री आठच्या मालिकेच्या मध्ये फारशी कधी दिसली नाही. कारण सरळ आहे. टीव्हीवरची वेळ दहा सेकंदांच्या हिशेबाने विकली जाते आणि दर प्रेक्षकसंख्येवर ठरतो. पन्नास हजारांची वस्तू घेऊ शकणारी घरं थोडी, मग सगळ्या महाराष्ट्राला दाखवण्याचे पैसे कशाला मोजायचे, असा हिशेब होतो. प्लेस्टेशन ५ जगात नोव्हेंबर २०२० मध्ये आला, भारतात २ फेब्रुवारी २०२१ ला, ४९,९९० रुपयांना. आगाऊ नोंदणी काही मिनिटांत संपली. मिळत नाही ही बातमीच तेव्हा जाहिरातीचं काम करून गेली.

मग इथल्या आईबाबांच्या मनातलं 'गेमिंग'चं चित्र कोणी रंगवलं? माझ्या मते, त्याच आयपीएलच्या जाहिरातींनी, पण त्या कन्सोलच्या नव्हत्या. अनेक हंगाम सामन्यांच्या मध्ये फँटसी आणि पैसे लावून खेळायच्या ॲपचा मारा चालला होता. २०२० मध्ये तर आयपीएलचं शीर्षक प्रायोजकत्वच ड्रीम इलेव्हन या फँटसी ॲपकडे होतं. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर आणि त्यांच्या जाहिरातींवर बंदी आली. पण इतकी वर्षं टीव्हीने 'गेमिंग' या शब्दाला पैशांचा वास लावून ठेवला. त्यामुळे मुलगा प्लेस्टेशन मागतो तेव्हा बाबांना आठवतं ते कोणाच्या तरी मुलाने ॲपवर घालवलेले पैसे. कन्सोलवरचा फुटबॉल म्हणजे पैशांची पैज नव्हे, हे त्यांना समजावून सांगावं लागतं, आणि हे काम मुलावर येतं. मला हे अन्यायाचं वाटतं.

सुरुवातीला म्हटलं की जाहिरात प्रात्यक्षिकासारखी भासते. त्यातच फसण्याची खरी जागा आहे. गेमच्या जाहिरातीतली बरीच दृश्यं खेळातली नसतात. ती आधी स्वतंत्रपणे तयार केलेली ॲनिमेशन असतात, किंवा महागड्या कॉम्प्युटरवर टिपलेली असतात. ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने 'कॉल ऑफ ड्यूटी २' च्या टीव्ही जाहिरातींना याच कारणावरून दिशाभूल करणाऱ्या ठरवलं होतं. दाखवलेली दृश्यं प्रत्यक्ष खेळाच्या दर्जाची नव्हती, आणि पाहणाऱ्याला ते कळण्याची सोय नव्हती. अनेक जाहिरातींत 'ही खेळातली दृश्यं नाहीत' अशी बारीक ओळ खाली दिसते. ती ओळ बहुधा इंग्रजीत असते आणि पटकन जाते.

भारतात याबद्दल नियम आहेत. जाहिरात क्षेत्राने स्वतःसाठी नेमलेली ॲस्की ही परिषद १९८५ पासून काम करते आणि तिचं मुख्यालय मुंबईतच आहे. शिवाय केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबद्दल मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यानुसार जाहिरातीतला दावा ज्या भाषेत, खुलासाही त्याच भाषेत हवा, आणि तो सहज वाचता आला पाहिजे. मुलांना उद्देशून केलेल्या जाहिरातींसाठी त्यात वेगळी कलमं आहेत. मराठीत किंवा हिंदीत बोलणाऱ्या जाहिरातीखाली न वाचता येणारी इंग्रजी ओळ पळाली, तर ॲस्कीकडे ऑनलाइन तक्रार करता येते. ती कोणीही सामान्य प्रेक्षक करू शकतो, वकील लागत नाही.

आज नव्या कन्सोलची पहिली झलक टीव्हीवर येत नाही. निंटेंडो २०११ पासून स्वतःच्या व्हिडिओंतून थेट घोषणा करते, इतर कंपन्याही तेच करतात. खेळणाऱ्यांना सगळं आधीच माहीत असतं. टीव्हीकडे उरलंय ते बाकीच्या घराचं मन वळवणं, आणि त्यासाठी आता आठवणी वापरल्या जातात. २०२५ मध्ये स्विच २ आला तेव्हा त्याच्या जाहिरातीत अभिनेता पॉल रड दिसला. १९९१ मध्ये सुपर निंटेंडोच्या जाहिरातीत तरुण पॉल रडच होता. जे तेव्हा ती जाहिरात पाहून हट्ट करत होते तेच आज पालक आहेत, आणि जाहिरात त्यांच्याशीच बोलते. दादरच्या किंवा डोंबिवलीच्या चाळिशीतल्या बाबांना मात्र ती आठवण नाही. त्यांची आठवण '९९९ इन १' च्या कॅसेटची आहे, आणि ती आठवण कुठल्याच कंपनीच्या मालकीची नसल्यामुळे तिची जाहिरात कोणी करत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट घरी बसून तपासता येते. कन्सोलच्या जाहिरातीत सोफ्यावर बरेचदा चार जण दिसतात, चौघांच्या हातात कंट्रोलर. प्लेस्टेशन ५ च्या डब्यात एकच कंट्रोलर येतो. भारतात तो आला तेव्हा जादा कंट्रोलरची किंमत ५,९९० रुपये होती आणि सोनीच्या मोठ्या नव्या गेमची ४,९९९. जाहिरातीतलं ते चित्र जसंच्या तसं आपल्या हॉलमध्ये उभं करायचं तर ४९,९९० च्या कन्सोलवर तीन कंट्रोलरचे १७,९७० आणि एका गेमचे ४,९९९ मिळून ७२,९५९ रुपये होतात, टीव्ही आणि सोफा सोडून.